राणीच्या राज्यातले चोर

यंदा चिंचा लवकर पिकल्या. होळी व्हायच्या आधीच अंगणात पोती येऊन पडली आणि घरभर तो वास झाला. आंबट, थोडा कुजका, पावसात भिजलेल्या लाकडासारखा. हा वास आला की मला भीती वाटते, आणि त्याच वेळी एखादं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसावंसंही वाटतं. दोन्ही एकदम होतं. इतकी वर्षं झाली, एकातून दुसरं सोडवता आलेलं नाही.

पुस्तकं म्हणजे चोरांची आणि खुनांची. विलायतेत राणीचं राज्य होतं त्या काळातली. पातळ पातळ, पिवळ्या कागदांची, एकामागून एक निघालेली. प्रत्येकाच्या कव्हरावर एक म्हातारी मड्डम, पायघोळ काळा झगा, हातात छत्री, मागे रस्त्यावरचा दिवा आणि धुकं. तिचं नाव मला धड वाचता यायचं नाही, म्हणून मी नुसतं मड्डम म्हणून वाचायची. मड्डमला नवरा नाही, मूल नाही. गावात कोणाचा मोत्यांचा हार गेला, कोणी जेवता जेवता मेला, की ती बग्गीत बसून जाते, चहा पिते, सगळ्यांकडे पाहते आणि शंभराव्या पानाच्या आत सांगते की हे कोणी केलं.

मी चौथी शिकले. पुढची शाळा चिखलीला होती, आणि माझ्या माहेरच्या उंद्रीहून चिखलीला मुलगी पाठवायची पद्धत तेव्हा नव्हती. मला माणसांत बोलता येत नाही. चार जणांनी एकदम पाहिलं की जीभ हलत नाही. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा मी रडले होते, आणि बायका ते अजून सांगतात. लिहिताना तसं होत नाही. ही वही ज्वारीच्या कणगीमागे असते आणि तिथेच राहणार आहे.

हे सांगतेय ते घडलं तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझ्या लग्नालाही तितकीच. आमच्या शेताच्या बांधावर चिंचेची सात झाडं होती, त्यामुळे फाल्गुन-चैत्र हे आमच्या घरी चिंचांचेच महिने. चिंचा आधी उन्हात कडक वाळवायच्या. मग लाकडानं हलके ठोकून टरफल उडवायचं, शिरा ओढून काढायच्या, आणि शेवटी एकेक बोटूक फोडून चिंचोका बाहेर. दुपारच्या जेवणापासून दिवे लागेपर्यंत आठ-दहा बाया अंगणात निंबाखाली गोल करून बसायच्या. चिंचोके ताटलीत टकटक पडत राहायचे. बोटं तपकिरी होत, नखांच्या कडा फाटत, भाकरी थापताना त्या चिरांत मीठ गेलं की डोळ्यांत पाणी येई. आणि प्रत्येकीच्या गालात चिंचेचा एक गोळा असायचाच. खाऊ नका म्हणून सांगायची सोय नव्हती. चिंच फोडायला बसलेली बाई चिंच खाणारच.

फक्त सुंदरा खात नव्हती.

सुंदरा गावातल्याच माळ्याची विधवा. घरामागे विहिरीवर मेथी, वांगी लावायची आणि चिंचांच्या दिवसांत आमच्याकडे यायची. तिची एकुलती एक पोरगी वत्सला, पंधरा-सोळा वर्षांची. वत्सलाचं लग्न जमावं म्हणून सुंदरानं देवीला नेम केला होता, पोरीला हळद लागेपर्यंत आंबट तोंडात घालणार नाही. लग्न जमलं. सुपारी फुटली. मुलाकडचे पाडव्यानंतर तारीख काढायला येणार होते. तोवर ती आमच्यात बसून दिवसभर चिंचा हाताळायची आणि एक बोटूकही जिभेला लावायची नाही. बाया तिला चिडवायच्या. तिच्या नाकापुढे चिंच धरायच्या. ती मान फिरवून हसायची.

वाचन सुरू झालं ते माझ्या सासूमुळे. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंना अक्षर येत नव्हतं, पण घरातली अशी एक गोष्ट नव्हती जी त्यांना माहीत नाही. एका दुपारी त्या मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चौथी शिकली म्हणते तुहा बाप. खोटं त नाही सांगलं ना आम्हाले? बस इथं अन् वाच. बायांची तोंडं बंद राह्यली त हात चालतीन."

आधी मी पोथी वाचली. बाया पेंगायला लागल्या. मग चिखलीच्या बाजारात जुनी पुस्तकं वाचायला देणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हाताला येईल ते आणलं. ते मड्डमचं निघालं. दुसऱ्या आठवड्यात बायांनीच विचारलं, अजून हाये काय?

मला त्या पुस्तकांनी काय दिलं ते नीट सांगायचं तर असं. वाचताना माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. सगळ्यांचे डोळे हातातल्या चिंचेवर, आणि माझे पानावर. माझा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बरा होता. आणि बाहेर ऊन असं की अंगणातली माती पायाला चटके देते, पुस्तकात मात्र थंडी. धुकं, भिंतीतली शेगडी, किटलीतून निघणारी वाफ, खिडकीवर थेंब. मेलेला माणूस पहिल्या दहा पानांत मरून जायचा आणि त्याच्यासाठी कोणी ऊर बडवत नसे. रडारड नाही, तेरावं नाही, लेकरांचं काय होणार ही चिंता नाही. नुसतं एक कोडं आणि सोबत चहा. मला ते फार आवडायचं. घरात रोज काहीतरी बिघडत असतं आणि ते कोणी बिघडवलं हे कधी उघड बोललं जात नाही. त्या पुस्तकात शेवटी एक बाई उठून उभी राहते, सगळे गप्प बसतात, आणि ती सांगते. विधवा बाई. आणि सगळे ऐकून घेतात.

बायांचं आपलं वेगळंच चाले.

"धुकं म्हंजे पौषात पडते तसं काय वो?"

"त्याईच्या इकडं बारमास पडते म्हणते."

"मंग लुगडे कसे वायतात त्याईचे?"

"अवं, मड्डम लुगडं नेसते काय? झगा हाये तिचा."

"झगा त झगा. वायाले ऊन नाही लागत काय?"

सरूबाई म्हणून एक होती. जीभ कात्रीसारखी. ती सुंदराला म्हणायची, "सुंदरे, तूबी छत्री घे एक अन् मड्डमवाणी हिंड. नवरा नाही म्हटल्यावर मोकळीच त हायेस." सगळ्या हसायच्या. मीही पानावर बोट ठेवून हसायची. सुंदरा म्हणायची, "पोरीचं होऊ दे, मंग छत्री घेतो अन् पह्यले तुह्या घरची चोरी काढतो." तिला हजरजबाबी उत्तरं देता यायची. मला तिचा हेवा वाटायचा.

एके दिवशी पुस्तकात राणीचं नाव आलं तेव्हा आत्याबाई उठून आत गेल्या आणि आपली माळ घेऊन आल्या. राणीछाप रुपयांची माळ, माझ्या सासऱ्यांच्या आईची. आमच्या घरी पाडव्याला गुढीला ती माळ घालायची रीत होती. बायांनी ती हातोहात फिरवली. रुपयावरचं तोंड झिजून गुळगुळीत झालेलं.

"हेच काय ते राणी?"

"नाकात काई नाही घातलं वो हिनं."

"रांडमुंड असन."

मी हळूच म्हटलं की पुस्तकात तसंच लिहिलंय, नवरा गेल्यावर ती कायम काळेच कपडे घालायची. सगळ्यांनी पुन्हा माळ पाहिली. सुंदरानं तर फार वेळ पाहिली. अंगठ्यानं तो झिजलेला चेहरा पुसला आणि म्हणाली, "एवढी मोठी राणी, तरी तोंड कसं आपल्यासारखंच उतरलेलं." ती माळ सगळ्यांत जास्त वेळ तिच्याच हातात होती. याची पुढे सरूबाईनं सगळ्यांना आठवण करून दिली.

आत्याबाई चोर आधी ओळखायच्या. दर वेळी. मी विसाव्या-पंचविसाव्या पानावर असताना त्या चिंच फोडता फोडता म्हणायच्या, "बागेतला मायी नाही करत असं. तो डागदर हाये पाय. गोड बोलून राह्यला." आणि शेवटी डॉक्टरच निघायचा. एकदा मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं? त्या म्हणाल्या, "ज्याच्यावर कोणी संशय घेत नाही त्याच्यावर घ्या लागते. अन् ज्याच्यावर समदे घेतात त्याले सोडून द्या लागते. गोष्टीत तसंच राह्यते." मग चिंचोका ताटलीत टाकून म्हणाल्या, "गावात उलटं राह्यते."

मी ते हसण्यावारी नेलं.

होळीला माझी नणंद शांता दोन दिवसांसाठी माहेरी आली होती. तिच्या सासरी दागिन्यांवरून कुरकुर चालायची. दोन्ही दिवस आई-लेक माजघरात हळू आवाजात बोलत होत्या. शांता गेली. आठ दिवसांनी पाडवा तोंडावर आला आणि सासऱ्यांनी माळ मागितली. आत्याबाईंनी पेटी उघडली, पुन्हा उघडली, आणि मोठ्यानं ओरडल्या.

त्या दुपारी चिंचा फोडणं मध्येच थांबलं. आत्याबाई ओट्यावर बसल्या. "समद्याइले एका जागी बसवा," म्हणाल्या. "मड्डम बसवते तसं. कोणी घरी जायाचं नाही." बायांना त्यात मजा वाटली, हे मी खरं सांगते. जिच्यावर आळ येऊ शकतो अशा प्रत्येक बाईच्या तोंडावर भीती होती आणि भीतीखाली मजा होती. आपण पुस्तकात शिरलो असं वाटत होतं. मलाही.

मड्डम चहा देते. आमच्याकडे चोर पकडायचा तर तांदूळ देतात. गुरवाकडून फुंकून आणलेले चिमूटभर तांदूळ प्रत्येकीनं तोंडात घालायचे, चावायचे आणि पानावर थुंकायचे. जिचे तांदूळ ओले निघतील ती खरी. चोराच्या तोंडाला भीतीनं कोरड पडते, तिचे पीठ होऊन कोरडेच पडतात. गावात सगळ्यांचा यावर विश्वास होता. माझाही होता.

पळसाची पानं ओळीनं मांडली. सरूबाईनं गालातला गोळा हातावर काढला, तांदूळ चावले, थुंकले, गोळा परत गालात टाकला. एकेक करून सगळ्यांचं झालं. ओले, ओले, ओले. सुंदराची पाळी आली. तिनं चावले, थुंकायला गेली, आणि तोंडातून पिठूळ पांढरं असं काहीतरी ओठांना चिकटून राहिलं. तिनं बोटानं काढलं. पानावर ते कोरड्या चुन्यासारखं पडलं.

सगळ्या त्या पानावर वाकल्या. मग आत्याबाई म्हणाल्या, "मले दिसत नाही नीट. डोये गेले माहे. मास्तरीनबाईले पाहू द्या. ते वाचणारी हाये, ते खोटं नाही बोलणार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकले. पानाकडे पाहिलं. मला एकच शब्द बोलता आला.

"कोरडे."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर असताना मी बोललेला तो पहिला शब्द. आवाज कापला नाही. शब्द खराही होता, तांदूळ कोरडेच होते. आणि तो बोलल्यावर सगळ्या बायांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला आवडली. ते लपवून काय करू? वहीतही लपवायचं तर वही कशाला?

सुंदरा म्हणाली, "देवाशपथ, म्या नाही घेतली वो. माह्या पोरीची आन." मग ती माझ्याकडे वळली. "वैनी, तुमी सांगा. तुमी त रोज पाहता मले." मी पदर दातात धरला.

सरूबाई उठली. "नेम हाये म्हणे हिचा! चोरटीले कायचा नेम?" तिनं सुंदराचं डोकं काखेत धरलं आणि चिंचेचा गोळा तिच्या तोंडात कोंबला. दुसऱ्या दोघींनी हात धरले. सुंदरा दात आवळत होती, पण गोळा आत गेला. सगळ्या हसत होत्या. आणि तेवढ्यात सुंदराच्या तोंडातून लाळ सुटली. हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून चोळीवर. धार लागली. ती रडत होती, थुंकत होती, आणि तोंडाला पाणी सुटतच होतं.

मी ते पाहिलं आणि मला कळलं. एका क्षणात, मड्डमला कळतं तसं. बाकीच्या सगळ्यांच्या गालात दुपारपासून चिंच होती. त्यांचे तांदूळ कोरडे पडणारच नव्हते. त्यांच्यातली कोणी खून करून आली असती तरी पडले नसते. एकटी सुंदरा होती जिच्या तोंडात आंबट नव्हतं, आणि ते तिनं पोरीच्या लग्नासाठीच सोडलं होतं.

मड्डम अशा वेळी छत्री टेकवून उभी राहते. मी बसलेली होते, तशीच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई चुलीपुढे एकट्या होत्या. मी रात्रभर वाक्य जुळवलं होतं. पीठ मळता मळता, त्यांच्याकडे न पाहता म्हटलं, "आत्याबाई, सुंदराबाईनं चिंच खाल्ली नव्हती. म्हणून कोरडे निघाले."

त्यांनी लाकूड आत सारलं. "मंग?"

"मग ती चोर नाही."

"मले काय सांगतं?" त्या म्हणाल्या. "चिंचांच्या दिवसात तांदूळ चावाले द्याचं कोणाच्या डोक्यातून निघालं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गोष्टीतला चोर आधी ओळखला की यायचा तसा थोडा आनंद होता.

"माळ शांतीच्या घरी हाये," त्या म्हणाल्या. "म्या देली. तिची सासू तिले जाळून राह्यली होती रोज. तुह्या सासऱ्याले सांगू काय, तुमच्या मायची माळ म्या लेकीले देली? मले घराबाहेर काढतीन या वयात."

"पण सुंदराबाईच्या पोरीचं लग्न..."

"कोणाच्या त पोरीचं मोडाच लागते. माह्या का तिच्या?" त्यांनी तव्यावर भाकरी उलटली. "अन् आईक. कोरडे कोण म्हणलं? म्या म्हणलं काय? अख्ख्या अंगणानं तुही जबान आईकली. आता जाऊन सांग, म्या खोटं पाहिलं. जा. बोलता येते तुले?"

त्यांना माहीत होतं की येत नाही. तांदळाइतकंच नीट त्यांनी मलाही निवडलं होतं.

पाहुणे यायला चार दिवस होते. आज मी ते चार दिवस मोजते तेव्हा ते फार मोठे वाटतात. सुंदराचं घर आमच्यापासून एका हाकेवर. मी तिच्याकडे जाऊ शकत होते. सासऱ्यांना सांगता आलं नसतं, पण यांना सांगता आलं असतं. यांना सांगितलं असतं तर घरात आग लागली असती आणि शांता परत आली असती. मी शांताचा विचार केला असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर मी दुपारच्या वाचनाचा विचार केला. आत्याबाईंनी एक शब्द उच्चारला असता तर पुस्तकं चुलीत गेली असती, आणि मी पुन्हा मुकी.

पहिल्या दिवशी मी पाणी भरायला जाताना तिच्या दारापर्यंत गेले. आत वत्सला आईला विचारत होती, "माय, खरं सांग मले एकटीले. घेतली काय तू?" मी घागर घेऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी पाडवा झाला. गुढीला नुसती साखरेची गाठी होती. त्या दुपारी बाया पुन्हा निंबाखाली बसल्या. सुंदराची जागा रिकामी नव्हती, सगळ्या थोड्या सरकून बसल्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "घे पुस्तक. त्या नोकरीणबाईचं काय झालं?" त्या पुस्तकात एका मोठ्या घरातल्या मोलकरणीवर चांदीच्या डब्याच्या चोरीचा आळ आलेला होता. मी वाचलं. माझा आवाज चांगला लागला. शेवटच्या पानावर मोलकरीण निर्दोष निघाली, मालकिणीनं तिची माफी मागितली, मड्डमनं तिला आपल्या शेजारी बसवून चहा दिला. सरूबाईनं पदरानं डोळे पुसले. "बिचारी," म्हणाली. "गरिबाचं कोणी नसते वो." तिच्या गालात चिंच होती.

पाहुणे आले ते सुंदराच्या दारात टेकलेही नाहीत. रस्त्यावरूनच सुपारी परत केली. बातमी त्यांना बाजारातच मिळाली होती. वैशाखात सुंदरा भाजीचा वाफा तसाच टाकून पोरीला घेऊन भावाच्या गावी, बीबीला गेली. जाताना आमच्या दारावरून गेली. आत्याबाई ओट्यावर होत्या. म्हणाल्या, "सांभाळून जा वो माय." मनापासून म्हणाल्या असंच कोणालाही वाटलं असतं.

पुढे ऐकलं की वत्सलाला बिजवराला दिली. आधीच्या बायकोची तीन लेकरं, माणूस मामाच्या वयाचा.

मी त्यानंतरही पुस्तकं वाचत राहिले. आत्याबाईंची नजर गेली तेव्हा त्यांच्या उशाशी बसून वाचली. चोर त्या शेवटपर्यंत आधी ओळखत राहिल्या. मी त्यांचा तिरस्कार करायची आणि रोज दुपारची वाट पाहायची. कधी कधी वाटतं, ही पुस्तकं लिहिणाऱ्याला आमच्या अंगणात आणून बसवावं. त्याला विचारावं की आळ आलेली बाई चहा पिऊन झाल्यावर कुठे जाते? तिची पोरगी कुठे नांदते? दुसऱ्या पुस्तकात त्यांच्यातलं कोणीच नसतं. मड्डम तेवढी परत येते, नवं धुकं, नवं प्रेत, आणि वाचणारी मी. मला तेच हवं असतं. मागचं कोणी सोबत येऊ नये. त्या शेगडीजवळ बसायला मिळतं ते त्यासाठीच.

आत्याबाई परवाच्या साली गेल्या. त्याआधी सासरे. आता माझं तोंड बांधणारं कोणी उरलं नव्हतं. गेल्या वर्षी चिंचा फोडून झाल्यावर, मेहकरला आत्याकडे जाते असं सांगून मी पुढे बीबीला गेले. विचारत विचारत सुंदराच्या भावाच्या मळ्यावर पोचले. सुंदरा कांद्याच्या वाफ्यात निंदत होती. केस सगळे पांढरे. तिनं मला लगेच ओळखलं. उठली नाही.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खाली मातीकडे पाहून, एका दमात. तांदूळ, चिंच, माळ, शांता, आत्याबाई, मी. ती निंदत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "चिंचेचं मले त्याच दिशी समजलं होतं, वैनी. माह्याच तोंडाले पाणी सुटलं होतं ना." खुरपं मातीत घुसवलं. "मले काऊन सांगून राह्यल्या? मले माहीत हाये म्या नाही घेतली."

ती पुढच्या वाफ्यात सरकली.

"वत्सलाले सांगा," ती म्हणाली. "थ्या पल्याडच्या आळीत राह्यते. एवढ्या वर्षांत माह्या घरात पाय नाही ठेवला तिनं. मी मेली तरी येणार नाही म्हणते. म्हणते, तुह्यामुळं माहं वाटोळं झालं, चोरटे. माहं आईकत नाही. तुमचं आईकीन. तुमी वाचणाऱ्या." आणि मग, पहिल्यांदा माझ्याकडे पाहून, "जा वैनी. आता जा. उजेड हाये तोवर."

मी गेले. वत्सला दारात शेणी थापत होती. तिची मान अगदी आईसारखी. जवळच एक म्हातारा बाजेवर खोकत होता. तिनं वर पाहिलं, पण ओळखलं नाही; आमच्या अंगणात तिची माय यायची, ती कधी नाही.

"कोन पाह्यजे?"

तोंड उघडलं होतं. मी शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. पण तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्यानंही मान वळवली, शेजारच्या दारातून एक बाई डोकावली.

"रस्ता चुकले," मी म्हटलं. "मोटारीचा फाटा कुठे आहे?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले. "चाला, मी दाखवतो. इकडून गल्ल्या लई हायेत, पुन्हा चुकसान." आणि ती माझ्यासोबत चालत निघाली. बरंच अंतर होतं. ती बोलत होती, मला वाटतं तिच्याशी फारसं कोणी बोलत नसावं. कोणत्या गावच्या, विचारलं. मी खोटं गाव सांगितलं. लेकरं किती, विचारलं. तिला पोटचं एकही नव्हतं. एका ठिकाणी रस्त्यातून लांबवर मळा दिसत होता. कांद्याच्या हिरव्यात वाकलेलं एक पांढरं डोकं दिसत होतं. वत्सलानं तिकडे पाठ केली आणि माझी पिशवी आपल्या हातात घेतली.

"तुमची माय हाये काय, मावशी?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"बरं हाये," ती म्हणाली. "माही हाये. नसती त बरं झालं असतं."

फाट्यावर आम्ही थांबलो. ती माझ्याजवळ उभी राहिली, मला एकटी सोडून गेली नाही. मोटार लवकर येईना. मला सांगायला तेवढा वेळ होता. मी तो सगळा वेळ रस्त्याकडे पाहण्यात घालवला. मोटार आली तेव्हा तिनं माझी पिशवी वर दिली आणि म्हणाली, "नीट जा, मावशी."

मला खिडकीजवळ जागा मिळाली. मोटार निघाल्यावर मी पिशवीतलं पुस्तक काढलं. नवीन होतं, न वाचलेलं. पहिल्या पानावर लंडनला धुकं पडलं होतं, एका सरदारीणबाईची अंगठी गेली होती आणि मड्डम बग्गीतून उतरत होती. मी वाचायला लागले. मेहकर यायच्या आत चोर सापडला.